आपलीच बंदूक परत घेण्याचा अर्ज

माझ्या दुकानात लोक जोडीने येतात आणि जोडीने जातात. एकाची बंदूक, दुसऱ्याचे पैसे, मधे मी. सौदा त्यांनी आधीच कुठेतरी पेट्रोल पंपावर नाहीतर चर्चच्या जेवणात ठरवलेला असतो. पण ऑरेगनचा कायदा म्हणतो, दोन खाजगी माणसांनीसुद्धा बंदुकीची देवघेव परवाना असलेल्या दुकानदारासमोर करायची. म्हणून नाइलाजाने माझ्याकडे. मी बंदूक वहीत चढवते, घेणाऱ्याकडून अर्ज भरून घेते, राज्य पोलिसांना फोन लावते, ते हो म्हणाले की बंदूक हातात देते आणि माझी फी घेते. त्या फीवरून दरवेळी कुरकुर. ‘एका फोनचे तीस डॉलर, इडेला?’ फोनचे नाही रे बाबा, चूक झाली तर परवाना कुणाचा जाणार, त्याचे. हे मी वडिलांकडून दुकान घेतल्यापासून सांगते आहे, आणि सांगून सांगून माझा आवाज असा झालाय की आता साधं ‘बसा’ म्हटलं तरी लोकांना वाटतं ही भांडतेय.

मग ते दोघं हात मिळवतात आणि कोपऱ्यावरच्या बारमध्ये बिअर प्यायला जातात. मला कुणी ‘चल’ म्हणत नाही. का म्हणतील? मी सरकारची बाई. दुकानामागच्या दोन खोल्यांत मी राहते. नवरा नेवाडात कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला, त्यालाही आता जमाना झाला.

थर्लो अ‍ॅम्सडेन मात्र एकटेच आले होते.

जानेवारीचे दिवस. थर्लो म्हणजे गावापासून तासाभराच्या अंतरावर, डोंगराच्या कुशीत गुरं पाळणारे म्हातारे. माझ्या वडिलांचे दोस्त, म्हणून माझी साठी उलटली तरी मी त्यांच्या लेखी पोरगीच. त्यांची बायको ओलेटा मागच्या वसंतात गेली. मूलबाळ नाही. तेव्हापासून ते एकेक वस्तू काढत होते. घोडे गेले, घोड्यांची गाडी गेली. त्या दिवशी त्यांनी काउंटरवर ठेवली ती ओलेटाची दुनळी.

ती बंदूक मला ठाऊक होती. हलकी, छर्‍यांची, आणि दस्ता आखूड. ओलेटा होती एवढीशी, आणि कड्याकपारीत चकोरांच्या शिकारीला धावायची हौस दांडगी. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात थर्लोंनी गोठ्यात बसून तिच्या हाताच्या मापाने दस्ता कापून दिला होता. कुठल्याही धडधाकट पुरुषाने ती खांद्याला लावली तर नाक अंगठ्यावर आपटेल, अशी ती बंदूक.

“पोर्टलंडची एक मुलगी घेतेय,” थर्लो म्हणाले. “तीही बुटकी आहे म्हणे. दुपारपर्यंत पोचते.”

“मग बसा की. कॉफी आहे.”

“नको. तिच्या हातात जाताना मला बघायची नाही.”

मी त्यांना सांगितलं. अगदी स्वच्छ सांगितलं. “हे बघा थर्लो, विकणारा इथे उभा असेपर्यंत बंदूक त्याची. सौदा फिसकटला तर उचलायची आणि चालू पडायचं. पण तुम्ही ती माझ्या ताब्यात ठेवून दाराबाहेर गेलात, की मग ती वहीत चढली. परत घ्यायची वेळ आली तर तुम्हीसुद्धा गिऱ्हाईक. अर्ज, फोन, फी, सगळं.”

“परत कोण घेतंय?” असं म्हणाले आणि टोपी डोक्यावर घालून गेले.

दुपारी घाटात बर्फ झालं. पोर्टलंडच्या मुलीची गाडी घसरली, तिला काही लागलं नाही, पण ती तिथूनच माघारी फिरली. दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन, की तिकडेच दुसरी मिळाली, माफ करा. माफ करायला माझं काय गेलं होतं? मी थर्लोंना कळवलं. तासाभराचा रस्ता, पण म्हातारा कसा आला कोण जाणे, कॉफी गार व्हायच्या आत दारात हजर.

“बरं झालं,” म्हणाले. एवढा खूश माणूस मी त्या हिवाळ्यात दुसरा पाहिला नाही. “रात्रभर दारावरच्या तिच्या रिकाम्या खुंट्यांकडे बघत होतो. आण इकडे.”

“आधी अर्ज.”

“माझ्याच बंदुकीचा?”

“तुमच्याच बंदुकीचा.”

ते हसले, चष्मा लावला आणि लिहायला बसले. टपाल वाटणारा डेल्बर्ट तेव्हा शेकोटीपाशी हात शेकत उभा होता. त्याला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय चैन पडत नाही. थर्लो एकेक प्रश्न बोट ठेवून वाचत होते. तुम्ही फरार आहात का, नाही. तुम्हाला शिक्षा झाली आहे का, नाही. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं, आणि त्यांनी ‘हो’च्या चौकटीत खूण केली.

तो प्रश्न कुठला हे मला डोळे मिटूनही सांगता येतं. तुम्ही गांजा किंवा दुसरा अमली पदार्थ बेकायदा वापरता का? आणि त्याखाली ठळक अक्षरात, की तुमच्या राज्याने गांजा कायदेशीर केला असला तरी केंद्राच्या कायद्याने तो बेकायदाच. आमच्या गावात लोखंडी सामानाच्या दुकानाशेजारी गांजाचं दुकान आहे. हिरवी पाटी, स्वच्छ काचा, आत निम्मी गिऱ्हाइकं सांधे धरलेल्या म्हाताऱ्या. तिथून जेलीच्या गोळ्यांची पुडी आणायची, आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे आलं की ‘नाही’वर खूण करायची. सगळा गाव करतो. मी कुणाला विचारत नाही. कुणी काय लिहावं हे सांगायचा मला अधिकारच नाही.

“अहो काका,” डेल्बर्ट मागून डोकावला, “तिथे नाही लिहायचं असतं.”

“का?”

“सगळे नाहीच लिहितात.”

“पण मी रात्री एक गोळी खातो की. ओलेटा गेल्यापासून. त्याशिवाय डोळा लागत नाही.” थर्लो त्याच्याकडे असं बघत होते, जणू त्याने त्यांना चोरी शिकवली. “खाली सही माझीच ना?”

“डेल्बर्ट,” मी म्हटलं, “तुझी पत्रं वाट बघतायत.”

“मी काय म्हणतो, मी घेतो ना माझ्या नावावर. संध्याकाळी नेऊन देतो काकांना. झालं?”

“तो तर सरळ गुन्हा आहे, गाढवा. तुझ्या नावावर घेऊन त्यांना द्यायची आणि मी ते कानाने ऐकलंय. आता तू ती बंदूक मागितलीस तरी देणार नाही. हो बाहेर.”

तो गेला. मग मला थर्लोंना सांगावं लागलं, आणि ते सांगताना जिवावर आलं. ‘हो’ लिहिलं की मी फोनसुद्धा लावायचा नाही. इथेच थांबायचं. नवा अर्ज देऊन ‘आता नाही लिहा’ असं मला म्हणता येत नाही, कारण मी ऐकलंय, आणि मी ऐकलंय हे मला ठाऊक आहे. त्यांनी काउंटरवरच्या बंदुकीकडे बघितलं.

“दस्ता मी कापलाय,” म्हणाले.

“माहीत आहे मला.”

“गोठ्यात.”

“थर्लो, माहीत आहे मला.”

आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, मला तेच जमतं. ते नुसते उठले आणि विचारलं, “मग हिचं काय करशील?” मी म्हटलं, कपाटात ठेवीन. मग त्यांनी विचारलं, “मंगळवारी गुरांचं खाद्य न्यायला गावात येतो मी. बघायला आलो तर चालेल?”

आमच्याकडे माणूस कामाशिवाय कुणाच्या दारात जात नाही. शेजारी मेला तरी आधी पातेलंभर काहीतरी शिजवून न्यावं लागतं, हात हलवत जायची पद्धत नाही. थर्लोंचं माझ्याकडे काम होतं, म्हणून ते आले. दर मंगळवारी. खाद्याची पोती गाडीत टाकायची आणि माझ्या दुकानात यायचं. मी कपाटातून बंदूक काढायची, काउंटरवर फडकं पसरायचं आणि तेलपाणी करायचं. हात त्यांना लावू द्यायचा नाही, हा माझा नियम. कारण हातात दिली म्हणजे दिलीच.

“एवढं तेल कशाला? लाकडात मुरेल.”

“मी बंदुका पुसत आलेय थर्लो, तुम्ही गुरं बघा.”

“ओलेटा थेंब टाकायची, थेंब. तू तर आंघोळ घालतेस.”

“हात मागे.”

“बोट दाखवलं नुसतं.”

“बोटही मागे.”

हरणाच्या मांसाचं सॉसेज आणायचे कागदात गुंडाळून. मी बिस्किटं भाजायला लागले. सोमवारी रात्री पीठ भिजवायचं हे कधी सुरू झालं ते मला आठवत नाही. एका मंगळवारी त्यांना यायला उशीर झाला, तर मी एका भल्या गिऱ्हाइकावर उगाच खेकसले आणि मग लक्षात आलं, की माझा एक कान रस्त्यावर होता. लपवून काय करायचंय, मला आवडायला लागलं होतं त्यांचं येणं. या दुकानात माझ्यासमोर बसून माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे ते एकच. बाकीचे माझ्यासमोर उभे राहून एकमेकांशी बोलतात.

आणि तरी फोन मीच लावला. केंद्राच्या बंदुकांच्या खात्यात, काही वाट निघते का ते विचारायला. एकाकडून दुसऱ्याकडे करत शेवटी एक बाई भेटली, तिने आधी सांगितलं की आम्ही सल्ला देत नाही, मग हळूच सल्ला दिला. माणसाने गांजा खरोखर सोडला असेल, आणि निदान वर्षभर तरी त्याचं नाव घेतलं नसेल, तर ‘वापरता का’ या प्रश्नाला ‘नाही’ हे खरं उत्तर आहे. मी फोन ठेवला आणि बसून राहिले. हे त्यांना सांगितलं की वर्षाने बंदूक जाणार, आणि बंदूक गेली की मंगळवार जाणार. एवढं गणित मलाही येतं. न सांगता बसले असते तर कुणाला कळलं असतं? पण मी लोकांकडून अक्षरन् अक्षर खरं मागते, तेव्हा मला ते शोभलं नसतं. त्याच मंगळवारी सांगून टाकलं.

थर्लोंनी त्या रात्री गोळ्यांची पुडी शेगडीत टाकली.

मग त्यांची झोप उडाली, ती उडालीच. वसंतात आले तेव्हा डोळे लाल, दाढी अर्धी राहिलेली. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. म्हणाले, डॉक्टर म्हणतो शेळीचं दूध पी. त्यांचं म्हणणं, घरात आवाजच नसतो. आधी ओलेटा घोरायची, आणि ते तिला त्यावरून बोलायचे. आता रात्रभर फ्रिज तेवढा घुरघुरतो, आणि तो बंद झाला की अंगावर येतं सगळं.

एक दिवस मी कुणाशी तरी फीवरून हुज्जत घालत होते. मागे वळून बघते तर शेकोटीपाशीच्या खुर्चीत थर्लो झोपलेले. तोंड उघडं, टोपी मांडीवर. समोरचा माणूसही गप्प झाला. मी त्याला म्हटलं, “थांबलास का? बोल की. भांड.” कारण आवाज थांबला तर ते जागे होतील असं मला वाटलं. तो बिचारा भांबावून गेला आणि पूर्ण पैसे देऊन गेला.

तेव्हापासून ते मंगळवारी झोपायला यायचे म्हटलं तरी चालेल. बंदूक बघायची, तेलावरून टोमणा मारायचा, बिस्किट खायचं आणि खुर्चीत बसल्या बसल्या मान टाकायची. डेल्बर्ट टपाल घेऊन यायचा तो चवड्यांवर चालत. मी त्याला सांगितलं, “नीट चाल, मांजरासारखा काय येतोस. आपटत चाल.” गाव माझ्यावर हसलं असेल. हसू दे. मी काउंटरमागे बसून वही लिहायची आणि अधूनमधून मान वर करून बघायची. त्यांचा श्वास ऐकू यायचा. माझ्या घरात माझ्याशिवाय आणखी कुणाचा श्वास ऐकायची सवय मी कधीच विसरून गेले होते.

उन्हाळा गेला, चकोरांचा मोसम आला आणि गेला, पहिलं बर्फ पडलं. थर्लोंनी तारीख काढली नाही आणि मी तर त्याहून नाही. पण मार्चमधल्या एका मंगळवारी ते दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आले, तेव्हा मी समजले. खुर्चीकडे गेले नाहीत. काउंटरशी उभे राहिले.

“वर्ष झालं.”

“खरंच एकही नाही?”

“पोरी,” ते म्हणाले, “मी तुला गेल्या खेपेला सांगितलं तेव्हा खोटं सांगितलं होतं का?”

मी अर्ज दिला. या वेळी त्यांचं बोट कुठेच अडलं नाही. मी पोलिसांना फोन लावला. तिकडे वाट बघायला लावतात तेव्हा गाणं वाजत असतं. मला आठवतं, ते वाजत असताना माझ्या मनात आलं, की काहीतरी अडू दे. नावात घोटाळा निघू दे, यंत्रणा बंद पडू दे, आणखी एक मंगळवार मिळू दे. तिकडून माणूस लाइनवर आला आणि म्हणाला, मंजूर.

मी कपाट उघडलं. बंदूक काउंटरवर न ठेवता त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती एकदा खांद्याला लावून बघितली. नाक अंगठ्यावर आपटलं. ते हसले, मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि मी तोवर वहीत डोकं घातलं. फी त्यांनी मोजून ठेवली. नको म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण म्हटलं असतं तर तो माणूस दुखावला असता.

“एक विचारू?” ते म्हणाले. “त्या गोळ्या. आता पुन्हा चालतील ना? अर्ज तर झाला.”

मला वाटलं होतं त्यांना ठाऊक आहे. वर्षभर हा माणूस रात्री मोजत होता तो या आशेवर, की एकदा बंदूक घरी आली की झोपही घरी येईल. मी हे सांगायला विसरले होते असं नाही, मला वाटलं हे सांगायची गरजच नाही.

“नाही थर्लो. बंदूक घरात असेपर्यंत नाही. तोच कायदा. अर्ज भरण्यापुरता नाही तो.”

“एकसुद्धा?”

“एकसुद्धा.”

त्यांनी बंदुकीकडे बघितलं. मग मागे वळून खुर्चीकडे बघितलं. ते मी पाहिलं, उगाच म्हणत नाही, त्यांनी खुर्चीकडे बघितलं. त्यांना हवं होतं की मी काहीतरी म्हणावं. इथे येऊन झोपत जा, एवढंच. मंगळवारीच का, रोज या. काम लागतं तर मी काम काढते. माझ्या जिभेवर सगळं होतं. आणि मी, दिवसभर जिचं तोंड बंद नसतं ती मी, काय म्हणाले? म्हणाले, “आणखी काही विकायचं असेल तर आणा. मी बघते.”

“आता काय राहिलंय विकायला,” ते म्हणाले. “बरं, सुटलीस तू.”

दार लागलं. मी काचेशी जाऊन उभी राहिले. वाटलं, वळून बघितलं तर हाक मारीन. त्यांनी गाडीचं पलीकडचं दार उघडलं, खोळीत घातलेली बंदूक शेजारच्या सीटवर उभी केली, जरा सारखी केली, आणि तिला पट्टा लावला. पट्टा आखूड करून, ओढून बघून, नीट. मग स्वतः स्टिअरिंगमागे जाऊन बसले. त्या गाडीत दोनच सीटा होत्या.

ते गेल्यावर मी वहीत शेवटचा रकाना भरला. दुपारी दोघं जण आले, एक विकणारा, एक घेणारा. फीवरून बोलायला लागले, पण माझा एक कान अजून रस्त्यावर होता, मी त्यांना म्हटलं, जरा हळू बोला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, का, कुणी झोपलंय का आत?

मी म्हटलं, नाही, कुणी नाही.